रानातल्या वर्तुळाची आखणी: परत फिरायची वेळ घरीच ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सह्याद्रीतल्या भटकंतीचे खरे महिने. या दिवसांत दोन रात्री रानात काढायचा बेत तुमच्या मनात असेल तर तो जरूर करा. त्यातही, जिथून निघालो तिथेच वेगळ्या वाटेने परतायचं, म्हणजे वर्तुळ घालायचं, हा प्रकार फार चांगला. गाडी एका गावात उभी राहते, डोंगराच्या दोन्ही अंगांची ओळख होते आणि एकाच वाटेवर दोनदा पाय घासावे लागत नाहीत.

पण अशा वाटचालीत एक अडचण असते आणि ती नकाशावर दिसत नाही. गेलेल्या वाटेने परतायचं असतं तेव्हा मागची वाट ओळखीची असते. वर्तुळात हा आधार अर्ध्यापर्यंतच पुरतो. त्यानंतर मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा लांब पडतं, आणि पुढचं सगळं अनोळखी असतं. पाय दमलेले, बाटल्या रिकाम्या होत आलेल्या, ऊन कललेलं, अशा वेळी कोणीतरी म्हणतं, "आता आलोच आहोत तर जाऊ या." रानातले बरेच घोटाळे या वाक्यापासून सुरू होतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: कुठून आणि किती वाजता मागे फिरायचं, हे घरी बसून ठरवा, कागदावर लिहा आणि ते सगळ्यांना माहीत असू द्या.

अकोले तालुक्यातल्या रतनगडाचंच बघू. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडी आहे, तिथलं अमृतेश्वराचं देऊळ बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. पहिल्या दिवशी रतनवाडीतून जंगलातल्या वाटेने आणि लोखंडी शिड्यांवरून गडावर. दुसऱ्या दिवशी नेढं बघून त्रिंबक दरवाजातून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी पलीकडे उतरायचं आणि सामरद गाठायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं आणि जलाशयाच्या बाजूच्या रस्त्याने रतनवाडीला परत. शेवटचा टप्पा गाडीरस्त्याचा म्हणून काही जण नाक मुरडतात. मला तो तसाच असावा असं वाटतं. तिसऱ्या दिवशी पाय लटपटत असतात, त्या दिवशी वाट सोपी असावी आणि कोणाला चालवत नसेल तर गाडी मिळावी. सांदणीत खाली उतरायचा मोह मात्र या खेपेला आवरा. तिथे दोर लागतो आणि तो वापरणारा जाणता माणूस लागतो.

या वर्तुळात निर्णयाची जागा एकच आहे, त्रिंबक दरवाजा. तिथून उतरायला लागलात की सामरद गाठणं भाग आहे. तेव्हा असं ठरवा: सकाळी नऊपर्यंत गड सोडायचा. कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाला ताप आहे, धुकं हटत नाही, किंवा बारा वाजून गेले, तर त्रिंबक दरवाजाकडे जायचंच नाही. आल्या शिड्यांनी रतनवाडीला उतरायचं. त्यात कमीपणा काही नाही. गड पुढच्या वर्षीही तिथेच असणार.

वेळेचा अंदाज किलोमीटरवरून बांधू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ढोबळ हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात: तासाला साधारण 5 किलोमीटर, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. रतनगडाची उंची 1297 मीटर आहे, आणि रतनवाडीपासून पाचशेहून जास्त मीटर चढावं लागतं. म्हणजे या हिशेबाने दोनेक तास. पण हा हिशेब हलक्या अंगाने, न थांबता चालणाऱ्याचा आहे. पाठीवर दहा-बारा किलोची सॅक, सोबत पाच-सहा जण, शनिवारी शिड्यांपाशी लागलेली रांग, हे सगळं धरलं तर चार तास मोकळे ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्याही आधी अंधारून येतं. मुक्कामाची जागा चार वाजता गाठायची, असं धरूनच उलटा हिशेब करा.

वाट चुकते ती बहुतेक वेळा रुंद वाटेमुळे. गुरं रोज ज्या वाटेने चरायला जातात ती ढोरवाट खऱ्या वाटेपेक्षा मोठी आणि मळलेली असते, आणि अर्ध्या तासाने एखाद्या पाणवठ्यापाशी नाहीतर कारवीच्या गचपणात संपते. रतनगडाच्या वाटेवर तर हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटाही आहे, तिथे घाईघाईत पुढे जाऊ नका. मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला मार्ग हाताशी असू द्या, पण तो कुठल्या महिन्यातला आहे हे पाहा. उन्हाळ्यात कोणी नोंदवलेली वाट पावसाळ्यानंतर छातीभर गवतात गडप झालेली असते. पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. इथल्या महादेव कोळी घरांतली माणसं या रानात वाढलेली आहेत. त्यांना ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका, आणि ते "आज नको" म्हणाले तर ऐका.

पाण्याची चौकशी निघायच्या आदल्या आठवड्यात करा. गडावर टाकी आहेत, पण ज्या टाक्यात डिसेंबरात पाणी असतं ते मार्चमध्ये तसंच असेल असं नाही. चालताना माणशी तीन लिटर, मुक्कामाला स्वयंपाक धरून आणखी दोन. टाक्याचं पाणी गाळून आणि उकळूनच प्या. टाक्यात हात-पाय बुडवू नका, भांडी लांब नेऊन घासा. शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जा आणि वीतभर खड्डा करून बुजवा. हे कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेश, शुल्क आणि रात्रीचा मुक्काम यांचे नियम बदलत असतात, त्यामुळे जुन्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, वनखात्याच्या चौकीवर विचारा. गडावर राहायला मनाई असेल तर बेत रद्द करायचं कारण नाही. पहिली रात्र रतनवाडीत काढा, पहाटे निघा आणि त्याच दिवशी गड ओलांडून सामरद गाठा. गावात आधी कळवलं तर भाकरी-पिठलं मिळतं आणि झोपायला ओटाही. तंबूच हवा असं नाही, पण मॅट आणि बऱ्यापैकी स्लीपिंग बॅग मात्र हवी. थंडीत जमिनीचा गारठा पाठीतून चढतो.

आणि शेकोटी नको. हे मी अगदी हात जोडून सांगतो. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा जळता सोडून जाणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, फेब्रुवारीत इथलं गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी अख्खा उतार जाळते. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक पदभ्रमण करणारे गेले. चहा-खिचडीपुरती छोटी गॅसशेगडी पुरते. ती गुहेच्या तोंडाशीही पेटवू नका, वर कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. याच कारणाने अत्तर आणि मोठ्या आवाजातली गाणीही घरीच ठेवा. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. चेहरा-डोकं झाकून, पायाखाली बघत लांब जा.

साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. हात किंवा पाय हलू न देता त्या माणसाला उचलून खाली आणायचं आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. ते जवळात जवळ कुठे आहे हे रतनवाडीत पोचताच विचारून घ्या. गरज पडेल तेव्हा फोनला रेंज असेलच असं नाही.

शेवटी घरचा कागद. त्यावर सगळ्यांची नावं, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची जागा, वाटाड्याचा फोन, गाडीचा क्रमांक आणि 108, 112 यांच्याबरोबर गिर्यारोहकांच्या बचाव पथकाचा क्रमांक लिहा. तिसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी आधी वाटाड्याला फोन करायचा, नऊपर्यंत पत्ता लागला नाही तर पोलिसांना आणि बचाव पथकाला. "येतील थोड्या वेळाने" म्हणत सकाळपर्यंत थांबायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा. आणि रतनवाडीत गाडीपाशी पोचलात की चहाच्या आधी घरी फोन करा.