दोन चाकू आणि एक प्रश्न

घडीचा चाकू ही तशी क्षुद्र वस्तू. एक पाते, एक मूठ, पाते फिरण्यासाठी खिळा आणि उघडल्यावर ते मिटू नये म्हणून एखादा खटका. परंतु उत्पादनपद्धतीचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर अशा क्षुद्र वस्तूच अधिक उपयोगी पडतात.

फ्रान्सच्या सावोय प्रांतातील जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा चाकू बनविला. मुठी झपाट्याने तयार करणारे यंत्रही त्याने योजिले. १९५५ मध्ये पाते रोखून धरणारे फिरते कडे त्यास जोडण्यात आले. आज हा चाकू कारखान्यात लाखांनी निघतो आणि सामान्य मजुरास सहज परवडतो. दुसऱ्या टोकास अमेरिकेतील आयडाहो राज्यात बनणारा ‘सेबेंझा’ आहे. त्याचे टायटॅनियमचे व पोलादाचे भाग संगणकनियंत्रित यंत्रावर कापले जातात. जुळवणी आणि अखेरचा हात मात्र कुशल कामगाराचा असतो. बाजारात अशा मालास ‘सेमी-कस्टम’ म्हणतात. किंमत चारशे डॉलरांहून अधिक. त्याचे नाव झुलू भाषेतील ‘काम’ या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे! श्रमाचे नाव धारण करणारी वस्तू श्रमिकाच्याच आवाक्याबाहेर असावी, ही विसंगती बोलकी आहे.

भाकरी-कांदा कापण्यापुरते पाहिले तर स्वस्त चाकू कोठेही उणा पडत नाही. ओलाव्याने त्याची लाकडी मूठ फुगते, साध्या पोलादाचे पाते गंजते, हे खरे. महाग चाकू वर्षानुवर्षे डळमळत नाही, खोलून दुरुस्त करता येतो, हेही खरे. परंतु तीसपट किंमत केवळ या गुणांची नव्हे. ती दुर्मिळतेची व प्रतिष्ठेचीही आहे. तिच्यातील किती वाटा जुळवणी करणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न मात्र ग्राहक क्वचितच विचारतो.

म्हणून हस्तकलेचे भाबडे गोडवे गाण्याचेही कारण नाही. इंग्लंडमधील शेफील्डच्या चाकू-सुऱ्यांची कीर्ती जगभर होती. त्याच शहरात कोरड्या चाकावर घासकाम करणाऱ्या कामगारांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे असल्याची नोंद एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. दगडाची व पोलादाची धूळ त्यांची फुफ्फुसे पोखरीत असे. हातात कौशल्य होते. पण कामाच्या अटी ठरविण्याची सत्ता त्या हातात नव्हती. कारागिराचे दैन्य केवळ यंत्रामुळे आले, हा समज शेफील्डपुरता तरी टिकत नाही.

येथे समाजवाद्यांना विशेष आस्था वाटावी अशी एक गोष्ट आहे. जुन्या कारखान्यात साचे व दाबयंत्रे यांचा प्रचंड खर्च लाखो नगांवर पसरविल्याशिवाय उत्पादन परवडत नसे. नव्या यंत्रात साचा नव्हे, सूचना बदलाव्या लागतात. त्यामुळे दहा-वीस कामगारांची कार्यशाळाही मोजक्या नगांचे अचूक उत्पादन करू शकते. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ मध्ये पचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा तो अनेकांना स्वप्नरंजन वाटला होता. तंत्रविज्ञानाने ते स्वप्न आता शक्यतेच्या कक्षेत आणले आहे. मात्र त्याचा लाभ प्रथम हौशी श्रीमंतांच्या खिशातील वस्तूला मिळाला.

आणि आपल्याकडे? उत्तर प्रदेशातील रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांनी घराघरांत पोहोचविला, तोही खलनायकाच्या हाती देऊन. कायद्याची बंधने आणि आटलेली मागणी यांच्या कात्रीत तेथील कारागीर सापडला. २०२३ मध्ये त्याच शहराच्या चौकात सुमारे वीस फुटी चाकूचे स्मारक उभे राहिले. चाकूला चौक मिळाला. चाकू करणाऱ्याला काय मिळाले?

रामपूरच्या कारागिराने खटक्याचा चाकूच करीत राहावे असे नव्हे. बागकामाची, शेतीची, स्वयंपाकघराची घडीची हत्यारे त्याच हातांनी होऊ शकतात. त्यासाठी हवे आहे सहकारी मालकीचे छोटे यंत्र, वाजवी व्याजाचे भांडवल, धूळ शोषून घेणारी व्यवस्था आणि खात्रीची खरेदी. हाताने की यंत्राने, हा वाद दुय्यम होय. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि हाताला दाम किती, हा खरा प्रश्न आहे. तो सोडविल्यावाचून कारागिरीचा गौरव म्हणजे चौकातल्या स्मारकाला घातलेला हार, एवढेच.