काटा हलत नाही तेव्हा



संक्रांतीच्या कार्यक्रमात एका वहिनींनी विचारले, "मुलाला इन्स्ट्रुमेंटेशनला जायचंय. म्हणजे जन्मभर मीटर दुरुस्त करायचे का हो?" आम्ही पडलो रसायनवाले. पण ज्यांच्या भरवशावर आमचे कारखाने चालतात, त्यांच्याविषयी चार शब्द सांगणे आमचे कर्तव्यच.

पातळी, दाब, तापमान आणि प्रवाह सतत मोजायचे, कमीजास्त झाले की व्हॉल्व्ह आपोआप उघडमीट करील असे पाहायचे, आणि हे सारे फसले तर काम थांबवणारी वेगळी सोय ठेवायची, हे या मंडळींचे काम. आपला कुकरच घ्या. शिट्टी रोजची. तिच्यात डाळ अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ सोडतो. एक बिघडले तरी दुसरे चालले पाहिजे.

दोन्ही बिघडली तर काय होते, हे या देशाने ११ डिसेंबर २००५ रोजी पाहिले. हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड डेपोत ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरले जात होते. पहाटे तीनच्या सुमारास पातळीमापक अडकला. पडद्यावरचा आकडा स्थिर राहिला, टाकी भरतच राहिली. पेट्रोल फार वर चढल्यास पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विच होता, पण तोही चालला नाही. त्याच्या चाचणीच्या दांडीला एक छोटे कुलूप लागते. ते नसले की दांडी जागेवर राहीलच असे नाही. कुलूप लावलेच नव्हते. कोणी छेडछाड करू नये एवढ्यासाठीच ते आहे, असा समज होता!

सकाळी सहाला स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. रविवारची पहाट होती, म्हणून कोणी दगावले नाही.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. तोच मापक ३१ ऑगस्टपासून १४ वेळा अडकला होता. दर वेळी तेवढ्यापुरते निभावले. काही वेळा तर बिघाड म्हणून नोंदही झाली नाही.

तेव्हा वहिनी, मीटर दुरुस्त करावे लागतातच. पण तो पुन्हा पुन्हा का अडकतो हे शोधणे, दुसरे संरक्षण खरोखर चालते का हे तपासणे, आणि कुलूप कशासाठी आहे हे पुढच्या माणसाला लिहून देणे, हेही त्यातच आले. मुलाला चिकाटी असेल तर खुशाल जाऊ द्या.

मुलांना आणखी काही विचारायचे असल्यास पुढच्या सभेत चहाच्या टेबलापाशी आम्ही असूच.