आधी पोलीस ठाणे, मग बिशप हाऊस

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या चर्चच्या हॉलमध्ये बालसंरक्षणाविषयी पालकांची सभा झाली. ‘काही घडलंच, तर आधी आमच्या कानावर घाला, पोलिसांचं नंतर पाहू,’ असे व्यासपीठावरून सांगण्यात आले आणि समोर बसलेल्या आईबापांनी माना डोलावल्या. मला ते सहन झाले नाही.

‘नंतर पाहू’ हे बेकायदा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. त्यात धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू आले आणि बिशपही आले.

मुंबईत शिवाजीनगरच्या चर्चमधल्या धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला तो २०१५ मध्ये. त्याला जन्मठेप झाली डिसेंबर २०२१ मध्ये. खटला शक्यतो वर्षभरात संपवा, असे याच कायद्याचे कलम ३५ म्हणते. इथे सहा वर्षे गेली! दहावी-बारावीची, मित्रांबरोबर हुंदडायची सगळी वर्षे त्या पोराने खटल्याच्या ओझ्याखाली काढली. कोर्टात एवढा काळ जाणारच असेल, तर त्याआधीचे महिने बिशप हाऊसच्या पायऱ्या झिजवण्यात का घालवायचे? वैद्यकीय पुरावा तोवर थांबत नाही.

आणि त्या मुलाच्या उपचारांचे काय? एफआयआर झाल्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सुटला तरी भरपाई देता येते. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. सभेत यातले एक अक्षर कोणी काढले नाही. क्षमेवर मात्र वीस मिनिटे प्रवचन झाले. क्षमा करायची की नाही, हे ज्याने सोसले तो ठरवेल. ती त्याच्याकडे मागायला जाणे हा त्याच्यावर दुसरा अत्याचार आहे.

चर्चच्या दारातल्या फलकावर मिस्साच्या वेळा आहेत, लग्नाच्या घोषणा आहेत, सणाच्या लकी ड्रॉची जाहिरात आहे. चाईल्ड हेल्पलाईनचा १०९८ हा नंबर नाही. गुरुवारी मी तो वहीच्या पानावर स्केचपेनने लिहून लावला. शनिवारी कागद नव्हता, टाचण्या तेवढ्या होत्या. येत्या रविवारी मी तो पुन्हा लावणार आहे.

– एक पालक, वसई