अडाखा वापरा, पण पारखून

शेतात, दुकानात, चुलीपाशी आपण दिवसभर अडाख्यांवरच चालतो. त्यात काही गैर नाही. सगळंच मोजत बसलं तर पाण्याची पाळी निघून जायची. फक्त कोणता अडाखा कुठवर चालतो, तेवढं बघा.

गुंठ्याचंच घ्या. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट. बोलताना आपण हजार धरतो. बी किती आणायचं, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण 10 गुंठे विकायला काढलेत आणि भाव फुटावर ठरला, तर त्या हजाराच्या हिशेबात तुमचे 890 फूट फुकट जातील. तिथं पक्का आकडाच धरा.

व्याजाचंही तसंच. शेकडा दोन रुपये महिना ऐकायला हलकं वाटतं. बाराने गुणा, वर्षाला 24 टक्के झाले. आता रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, त्याचा अडाखा: 72 ला व्याजाच्या टक्क्याने, म्हणजे इथं 24 ने भागा. तीन आले. व्याजावर व्याज चढत गेलं तर साधारण तीन वर्षांत कर्ज दुप्पट होतं. अंगठा किंवा सही देण्याआधी एवढं कराच.

पोरांनाही गणित सोडवण्याआधी विचारा, उत्तर साधारण किती येईल? मग सोडवू द्या. अंदाज आणि उत्तर यांत फार तफावत आली की चूक त्यांची त्यांनाच सापडते. जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञाने 1945 साली पुस्तक लिहून हेच सांगितलं: आधी प्रश्न नीट समजून घ्या, आणि सुटल्यावर मागे वळून तपासा. शिकवणीच्या फीपेक्षा हे स्वस्त.

आता पाणी. ऊसवाल्यांनी हे जरा सावकाश वाचा.

खुरप्याने वीतभर खोल जा. तिथली माती मुठीत दाबा. हाताला चिकटली, तर पाणी थांबवा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होईना, तर पाणी द्या. पण हा अडाखा काळ्या रानाचा. सुप्या-मोरगावकडच्या हलक्या, मुरमाड रानात गोळा धड होतच नाही. तिथं पिकाकडे बघा. भर दुपारी नव्हे, सकाळी. सकाळीही पानं मलूल दिसली तर ताण बसलाय.

‘जादा पाणी, जादा ऊस’ हा अडाखा मात्र सोडाच. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. त्याच्या भरवशावर रानं भिजवून भिजवून कित्येकांची जमीन चोपण झाली. इंदापूरच्या टेलवाल्यांचं मी समजू शकतो. पुढचं आवर्तन कधी येईल याचा नेम नसला की माणूस आलंय तेवढं घेऊन ठेवतो. पण चर नसलेल्या रानात ते पाणी मुळीपाशीच साचतं. वर पांढरी खार दिसायला लागली, तर आणखी पाणी सोडण्याआधी निचऱ्याची सोय बघा.

आणि माती तपासून घ्या. माळेगावच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करा. नमुना एकाच जागेचा नको. रानात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणची माती घ्या. बांधाकडची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची नको. सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. आत चिठ्ठी टाका: गट नंबर, मागचं पीक, पुढं काय लावणार ते.