धूर नाही म्हणून खुश होऊ नका



थंडी पडली की हायवेच्या कडेनं जेवढी गॅरेजं, वेल्डिंगची आणि मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत, तिथं सकाळी एक घमेलं पेटलेलं असतेच. आपल्या वावरातल्या बंड्यातही तेच. बोटं आखडतात, पाना हातात धरवत नाही, माणूस काय करणार? शेगडीला माझा विरोध नाही. तिच्यात काय टाकता याला आहे.

इंधन घेताना आपण एकच विचारतो, स्वस्त काय पडते? म्हणून कोळसा. आपल्याच जिल्ह्यात वणीला खाणी, त्यामुळं कोळसा काही नवलाची गोष्ट नाही. पहिले बाहेर पेटवायचा, धूर गेला, निखारे लाल झाले की घमेलं उचलून आत आणायचं आणि शटर खाली ओढायचं. वरून सांगायचं, "आता धूर नाही, काही होत नाही." खोटं आहे हे. निखारा लाल असतो तेव्हाच त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असते. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तात ते ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीनं जास्त घट्ट चिकटते. आधी डोकं जड होते, मळमळते, मग झोप येते. माणसाला वाटते ऊब लागली म्हणून झोप आली. लाकडी कोळशाचंही तसंच, तो काही वेगळा नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं, "आमच्या आजानं जन्मभर शेगडी शेकली." शेकली ना! पण आजाच्या घरावर कवेलू होते, भिंती कुडाच्या होत्या, वारा चारही बाजूनं फिरत होता. तुमच्या बंड्याला टिनाचं छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि फटीत कोंबलेलं पोतं. शेगडी तीच राहिली, घर बदललं.

दुसरे शहाणे जळकं ऑइल टाकतात. फुकटचं आहे म्हणे. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचा कीस असतो, रसायनं असतात, ते सगळं काजळीसोबत तुमच्या छातीत जाते. २०१६ च्या नियमाप्रमाणं हे ऑइल घातक कचऱ्यात धरलेलं आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे औषधाच्या रिकाम्या डब्या. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. ते पाहूनही कोणी प्रोफेनोफॉसची डबी शेकोटीत टाकत असेल तर त्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

रॉकेल आता रेशनवर मिळणं दुरापास्त झालं, म्हणून स्टोव्हमध्ये डिझेल भरतात. वात काजळते, खोली काळी होते. पेट्रोल मिसळणाऱ्याशी तर मी बोलतच नाही. रॉकेलची वाफ पेट घ्यायला ऊब लागते, पेट्रोलची वाफ बर्फाच्या थंडीतही पेट घेते.

मग घ्यावं काय? दुकानात लाइन असेल तर हजार वॅटचा विजेचा हीटर सगळ्यात बरा. तासाला एक युनिट. रोज दोन तास, दोन महिने धरा, १२० युनिट झाले. हिशोब लावून पाहा, दवाखान्याच्या एका चकरेपेक्षा जास्त होतो का ते. लाइन नसेल तर गॅसचा हीटर, पण शटर अर्धं उघडं ठेवून. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीवर साचतो, म्हणून ग्रीसच्या खड्ड्याजवळ टाकी नको. घरची टाकी दुकानात वापरायला मनाई आहे, धंद्याची १९ किलोची घ्या. आणि पार्ट धुवायचं पेट्रोल, थिनर, वार्निश जिथं आहे तिथं यातलं काहीच नको. विजेच्या हीटरची लाल तारही वाफ पेटवते. कापूस भरलेल्या खोलीचं तर बोलायलाच नको.

वावरात मात्र मी पऱ्हाटीच्याच बाजूनं आहे. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता किलोला साधारण चार हजार किलोकॅलरी, गॅसची अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे तीन किलो पऱ्हाटीत किलोभर गॅसचं काम, तेही घरच्या मालात. सिरकॉटनं नागपूरला पऱ्हाटीचे पेलेट आणि कांड्या करून दाखवल्या आहेत. इकडं आपण तीच पऱ्हाटी धुऱ्यावर ढीग लावून पेटवतो आणि शेकायला कोळसा विकत आणतो! फक्त तिची शेकोटी उघड्यावर, बंड्यात नाही. आणि ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. न फुटलेल्या बोंडात गुलाबी बोंडअळी झोपून राहते अन् पुढच्या कपाशीवर येते. आधी त्या बोंडाच्या काड्या जाळा, सरळ काड्या मागून.

एखादा शेगडीपाशी डोकं दुखते म्हणाला तर त्याला चहा पाजत बसू नका. आधी उचलून मोकळ्या हवेत न्या, मग शेगडी बाहेर काढा. शुद्ध हरपली असेल तर सरळ दवाखाना, तिथं ऑक्सिजन लावतात. डॉक्टरला कोळशाची शेगडी होती हे आवर्जून सांगा.