वॅनची चिठ्ठी ग्राहकाला द्या!

घरी नळ घेतला की मुख्य चावी कुठे बसवली, हे आपण पहिल्याच दिवशी विचारतो. इंटरनेटचे कनेक्शन घेताना मात्र हे कुणाला सुचत नाही. कंपनीचा माणूस येतो, भिंतीवर राऊटर लावतो, मोबाईलवर बोटे फिरवतो आणि हिरवा दिवा लागला की पैसे घेऊन निघून जातो. त्याने आत काय भरले, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. ही गोष्ट क्षुल्लक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

राऊटरला दोन तोंडे असतात. एक घराकडे, दुसरे बाहेरच्या जाळ्याकडे. या बाहेरच्या बाजूला 'वॅन' म्हणतात. तिथला आयपी पत्ता कधी कंपनीकडून आपोआप येतो. ही डीएचसीपीची रीत, तिच्यात बहुधा भरायचे काहीच नसते. स्थिर पत्ता घेतला असेल तर पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हाताने भरावे लागतात. तिसरी रीत पीपीपीओई. आपल्याकडच्या फायबरवर पुष्कळदा हीच असते. तिला वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लागतो, शिवाय बरेचदा व्हीलॅनचा एक क्रमांक. घरातल्या एखाद्या पोराने टाचणीने रीसेटचे बटण दाबून धरले, की बहुतेक राऊटरांतून हे सारे पुसले जाते. चिठ्ठी हाती असेल तर काम पाच मिनिटांचे. नसेल तर त्या माणसाची वाट पाहणे आले.

शहरात तो संध्याकाळपर्यंत येईलही. बेज्जूरला कधी येणार? आपल्या सीमाभागात जसे मराठी आणि कन्नड, तसे प्राणहितेच्या काठी मराठी आणि तेलुगू. नदीच्या एका तीराला गडचिरोली जिल्हा, दुसऱ्या बाजूला तेलंगणातला बेज्जूरचा मुलूख. पूर्वी तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. भोवती जंगल, आणि रेल्वे गाठायची तर कागजनगर. अशाच गावांसाठी केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तार न्यायला एवढा खर्च करायचा आणि चार ओळींची चिठ्ठी मात्र द्यायची नाही, हा कुठला हिशेब?

कंपनीवाले म्हणतील, गिऱ्हाईक भलतेच काही भरून ठेवील आणि तक्रारी वाढतील. यात थोडे तथ्य आहे. पण पीपीपीओईचा पासवर्ड चुकला तर बंद पडेल ते त्याचेच कनेक्शन. बँक पासबुक देते, ते खातेदाराला हिशेबतपासनीस समजून नव्हे!

दुकानदारांना तर हे पान वाचता यायलाच हवे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरचा खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. आयपीव्ही-४ चे पत्ते सुमारे ४३० कोटीच, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून ही वाटणी. अशा पत्त्यावर दुकानातला कॅमेरा घरून थेट उघडत नाही, आणि बिचारा दुकानदार कॅमेऱ्यालाच दोष देत बसतो.

चिठ्ठी स्थानिक भाषेत हवी, हेही आलेच. कन्नड विभागातल्या मित्रांनी हीच मागणी आपल्या पानांत मांडावी. तोपर्यंत राऊटर बसवणारा आला की वॅनच्या पानाचा फोटो काढून ठेवावा. पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो. तेवढा मात्र त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावा.