मशीन आपले, मग किल्ली परक्याच्या हाती का?

रेल्वे व टपाल कामगार बंधू-भगिनींनो,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या प्रणालीचा नेहमीचा आधार बंद केला. त्या दिवशी आपल्या शाखा कार्यालयांतला एकही संगणक त्यामुळे बिघडला नाही. पंखा फिरत होता, पडदा उजळत होता, अक्षरे उमटत होती. मात्र चोरांनी नव्या युक्त्या काढल्या तर त्यावरची दुरुस्ती यापुढे मिळणार नाही, असे कंपनीने बजावले. घरगुती ग्राहकांना मुदतवाढ दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज-११ घ्यावे म्हटले, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनला दार बंद. मग दुकानदार म्हणतो, "साहेब, हे भंगार झाले. नवीन घ्या."

आपण रेल्वेची माणसे. आयसीएफ डब्याचे ठरलेले आयुष्य २५ वर्षांचे. पीओएचला आला की वर्कशॉपमध्ये तो खोलतात, गंज काढतात, झिजलेले बदलतात आणि पुन्हा रुळावर सोडतात. कुलूप बनवणाऱ्याने कुलपे बनवणे थांबवले म्हणून अख्खा डबा भंगारात काढला, असे कधी कोणी ऐकले आहे काय? मग आठ-दहा वर्षांचा धडधाकट संगणक सभासदांच्या वर्गणीतून का बदलायचा?

दुखण्याचे मूळ वेगळेच आहे. विंडोज आपण 'विकत घेतो' असे म्हणतो, पण प्रत्यक्षात घेतो ती फक्त वापरण्याची परवानगी. आत काय चालले आहे ते बघायचे नाही, दुरुस्त करायचे नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही. घर आपले आणि किल्ली मालकाच्या कनवटीला!

ही किल्ली फिरली की काय होते, ते जुलै २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीवर निर्बंध घातले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. परवान्याचे पैसे भरलेले असताना कर्मचाऱ्यांना आपल्याच ई-मेलचे दार बंद झाले. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. महिनाअखेर सेवा सुरू झाल्या. नायराची रशियन मालकी हा वेगळा वाद. पण एवढ्या बड्या कारखान्याची ही गत, तर आपल्या शाखेला कोण विचारतो?

याला पर्याय आहे आणि तो आजचा नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याचा जीपीएल परवाना सांगतो: कोणीही वापरा, आतले वाचा, बदला, वाटा; मात्र बदललेले दुसऱ्याला देताना हेच हक्क त्यालाही द्या. संघटनेच्या भाषेत बोलायचे तर, मिळवलेला हक्क एकट्याने खिशात घालायचा नाही, तो सर्वांना लागू. आज मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअरही त्यावर काम करतात. खुशाल करोत! त्यांनाही त्या गाभ्याला कुलूप घालता येत नाही, हीच तर त्यातली गोम.

आता आक्षेपांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप: "फुकटचे ते कुचकामी." नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. कुचकामी असते, तर त्याच फोनवरून तुम्ही आज पैसे पाठवले असते काय?

दुसरा आक्षेप: "आता स्वदेशी सॉफ्टवेअर आले, मग हे कशाला?" २२ सप्टेंबर २०२५ रोजी आपले रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण 'झोहो'कडे वळत असल्याचे जाहीर केले. देशातल्या माणसांनी काम केले, त्याचा अभिमानच आहे. पण तेही मालकीचेच सॉफ्टवेअर. कुलूप परदेशी असो की देशी, किल्ली मालकाकडेच राहणार असेल तर भाडेकरू भाडेकरूच राहतो. सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, हे केंद्र सरकारचे स्वतःचे २०१५ चे धोरण आहे. सी-डॅकने २००७ मध्येच 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स काढले. धोरण कागदावर आणि कारभार कंपन्यांच्या दारात, असे का, हे विचारणे आपले काम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वाईट, कारण तो आपल्याच लोकांच्या तोंडून येतो: "आपल्या माणसांना हे जमणार नाही." वाफेवरून डिझेलवर आणि डिझेलवरून विजेवर कोण गेले? पुठ्ठ्याच्या तिकिटावरून संगणकावर कोण गेले? ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभरातील टपाल कार्यालयांत 'एपीटी' प्रणाली आली. ती टपाल खात्याच्याच म्हैसूर येथील केंद्राने तयार केली आणि साडेचार लाखांहून अधिक कर्मचारी ती शिकले. केरळच्या शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत. तेथील 'काइट' या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दोन लाखांवर संगणकांचा आणि ३,००० कोटी रुपयांच्या बचतीचा हिशेब मांडला. सहावीच्या पोराला जमते ते सॉर्टरला, स्टेशन मास्तरला आणि फिटरला जमणार नाही?

तेव्हा शाखांनी पुढीलप्रमाणे कामाला लागावे.

एक: खात्याच्या संगणकाला हात लावायचा नाही. काउंटरवरचे मशीन प्रशासनाचे आहे. उत्साहाच्या भरात चार्जशीट ओढवून घेऊ नका. हे संघटनेच्या कार्यालयासाठी आणि आपल्या घरासाठी.

दोन: सभासद यादी, वर्गणीचे हिशेब, केसेसचे कागद आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.

तीन: नवख्या माणसाला 'लिनक्स मिंट' सोपे. जुन्या मशीनला त्याची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबी असल्यास बरे.

चार: ते ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रूफस'ने चढवा आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. या तपासणीत विंडोजला धक्का लागत नाही. प्रिंटर, वायफाय आणि आवाज चालतो याची खात्री झाल्यावरच मशीनवर घाला.

पाच: पत्रे व तक्ते यांसाठी 'लिब्रेऑफिस' त्यात असतेच. वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतात, पण मांडणी क्वचित हलते. म्हणून बाहेर पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

सहा: मराठीसाठी की-बोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट निवडा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधील मजकूर मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. ते काम आज ना उद्या करायचेच आहे.

सात: ज्या पतपेढीचा हिशेब टॅलीवर आहे, तिने घाई करू नये. एक मशीन तसेच ठेवून बाकीची बदलावीत.

शेवटी दोन शब्द आपल्याच वरिष्ठांना. केंद्रीय कार्यालयाने आपली परिपत्रके युनिकोडमध्ये आणि कोणत्याही संगणकावर उघडतील अशा स्वरूपात पाठवावीत. खासगीकरणाविरुद्ध गेट मिटिंगमध्ये घसा फोडायचा आणि संघटनेचे दप्तर मात्र एका कंपनीच्या तिजोरीत ठेवायचे, हे आपल्याला शोभत नाही. प्रत्येक शाखेने पुढील कार्यकारिणीत दोन ठराव करावेत: धडधाकट संगणक भंगारात काढणार नाही आणि सरकारी कामात २०१५ चे धोरण अमलात आणावे. पैसे वाचतीलच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या दप्तराची किल्ली आपल्या हाती येईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!